लुटीचा प्याला

विट्यात माझ्या घराशेजारी पत्र्याचं एक शेड आहे आणि त्या शेडच्या दर्शनी पत्र्यावर एक जहाज रंगवलेलं आहे. रंगवणारा पेंटर इथलाच, निवडणुकीचे आणि वाढदिवसाचे बोर्ड करणारा. त्यानं जन्मात जहाज पाहिलं नव्हतं. त्यामुळे ते जहाज साखर कारखान्याच्या वाटेवर उलटायला आलेल्या उसाच्या ट्रॉलीसारखं दिसतं. वर काळा झेंडा आहे. समुद्री चाच्यांच्या झेंड्यावर जिथे कवटी असते, तिथे ह्या झेंड्यावर पांढरा क्रूस आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘चला लुटायला’. नवीन बदलून आलेला पोस्टमन हे वाचून माझ्याकडे बघतो आणि मी त्याला सांगते, घाबरू नका, प्रार्थनेची जागा आहे.

हे जहाज पास्टर दानिएल यांचं. मूळचं नाव दादासो. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला माणूस, कोरड्या मुलखातला. मिसरूड फुटायच्या आधी गलाईच्या दुकानावर गेला, म्हणजे जुने दागिने वितळवून त्यातलं सोनंचांदी शुद्ध करण्याच्या धंद्यात. आमच्याकडची निम्मी तरुण पोरं अशीच देशभर पांगलेली आहेत. दादासोच्या नशिबी दक्षिणेकडचं एक बंदराचं गाव आलं. तिथे त्यानं समुद्र पाहिला, तिथेच त्याला कुणा उपदेशकानं येशूची ओळख करून दिली आणि तिथूनच तो ही चाच्यांची गोष्ट घेऊन परत आला. धंदा भावाच्या हवाली करून इथे सासुरवाडीच्या आधारानं त्यानं शेड टाकलं.

दिसायला ठेंगणे. भुवया नव्हत्याच, भट्टीच्या धगीनं कधीच्या गेलेल्या. बोटांची टोकं तेजाबानं पिवळी पडलेली. समोर कुणी नवा माणूस आला की पास्टर मान तिरकी करून त्याच्याकडे बघत बसायचे, जुन्या मोडीच्या दागिन्याकडे बघावं तसे. मग हळूच निकाल द्यायचे. “बावीसचं हाय.” किंवा, “ह्यात तांबं लय हाय, पर निघंल.” आमच्या आमदाराच्या पुतण्याला त्यांनी तोंडावर “नुसता मुलामा” म्हटलं होतं. त्या दिवशी मला हा माणूस आवडला होता, हे कबूल केलं पाहिजे.

मी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आमच्याकडे प्रार्थना म्हणजे मान खाली घालून, हळू आवाजात, घड्याळाच्या ठोक्यावर संपणारी. पण सांगलीच्या आमच्या देवळापर्यंत, म्हणजे चर्चपर्यंत, एसटीनं जायला गुडघे तयार होईनात, म्हणून मी शेजारच्या शेडमध्ये जाऊन मागच्या खुर्चीवर बसायला लागले.

तिथे दर रविवारी दर्या उसळायचा. पास्टर लुंगीसारखा पांढरा कपडा नेसून, बाह्या सारून उभे राहायचे. “सैतानाचं जहाज चाललंय,” म्हणायचे. “पोटात माल हाय. माल म्हंजी काय? सोनं? न्हवं. मानसं! त्याच्या तळघरात आपलीच मानसं कोंडल्यात. आन आपुन काय करतूय? काठावर बसून गानी म्हनतूय! आरं, उडी टाका! दोर फेका! जहाजावर चढा आन लुटा!” मग मूठ वर. “चला!” की समोरून शंभर तोंडांचं उत्तर, “लुटायला!” उत्तर देणाऱ्या बाया म्हणजे खुरपणीच्या रोजगारावर जाणाऱ्या, कुणी विधवा, कुणाचा नवरा दारूत बुडालेला. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. पण सैतान पाहिला होता, तो बहुतेकींच्या घरातच होता. म्हणून त्या जीव तोडून ओरडायच्या.

एकदा उपासनेनंतर मी त्यांना विचारलं, “पास्टर, लुटणाऱ्याचं तुम्ही रोज सांगता. ज्याची लूट होते त्याला काय वाटतं, ते कधी सांगणार?”

ते मनापासून हसले. “सिस्टर, सोन्याला कुनी इचारतंय व्हय, तुला मुशीत घालू का म्हनून? घालायचं. जाळ लावायचा. शुद्ध झाल्यावर त्येच चमकतंय.”

मला ते उत्तर तेव्हाही खुपलं होतं.

माणूस दुष्ट होता असं नाही. दुष्ट असता तर हे लिहायला सोपं गेलं असतं. नामदेव नावाचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर होता, दारूनं पार संपलेला. बायकोनंसुद्धा आशा सोडली होती. पास्टरांनी त्याला आपल्या घरात ठेवला. थरथर सुटली की त्याला मिठीत धरून बसायचे, ओकाऱ्या स्वतः पुसायचे, लहान मुलासारखी आंघोळ घालायचे. सलाईन लावायला मला बोलवायचे, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. नामदेव उठला. कामावर गेला. आणि पुढच्या रविवारी पास्टरांनी त्याला पुढे बोलावून साऱ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गर्जना केली, “ही बगा आपली पयली लूट!”

टाळ्या झाल्या. नामदेवानं आपली साक्ष दिली : गटारात कसा पडायचो, बायकोला कसा मारायचो, पोरीचे पैंजण कसे विकले. पुढच्या रविवारी पुन्हा. बाहेरगावची मंडळी आली की पुन्हा. चार वर्षं तो माणूस दारूला शिवला नव्हता, पण शेडमध्ये तो अजून गटारातच लोळत होता. पोरगी कॉलेजात जायला लागली तेव्हा तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, “आवं पास्टर, पुरं की आता. पोरगी मागं बसलीया.”

“लाज कसली?” पास्टर म्हणाले. “लूट झाकून ठिवायची नसती, नामदेव. दावायची असती.”

नामदेव खाली बसला. नंतर तो शेडकडे फिरकलाच नाही. दारूकडेही गेला नाही, हे मुद्दाम सांगते. पास्टर मात्र बरेच दिवस म्हणत राहिले, सैतानानं माल परत नेला.

तर आता हौसाबाईची गोष्ट. पास्टरांची खरी ओळख तिच्यामुळे झाली. मला झाली आणि बहुधा त्यांची त्यांनाही झाली.

हौसाबाई माझ्या मागच्या आळीतली. थोरला मुलगा सुनेसकट कोइमतूरला गलाईवर. धाकटा अंकुश फौजेत होता. लग्न ठरत होतं तेवढ्यात वर बर्फात त्यांची गाडी दरीत गेली. पेटी आली, बंदुका वाजल्या, साऱ्या तालुक्यानं घोषणा दिल्या आणि दहन झाल्यावर लोक आपापल्या घरी गेले. बिनलग्नाचा, असा अवचित गेलेला मुलगा आमच्या भागात घरचा वीर होतो. सोनाराकडून त्याचा चांदीचा टाक करून घेतात, बोटभर पत्रा, त्यावर घोडेस्वार ठोकलेला, आणि तो देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी बसवतात. हौसाबाई रोज सकाळी त्या घोडेस्वाराला कोमट पाण्यानं न्हाऊ घालायची, हळद लावायची. अंगठ्यानं पुसून पुसून त्याचा चेहरा सपाट झाला होता.

पण टाक बोलत नाही. आणि गल्लीतल्या बायका अंकुशचं नाव काढलं की विषय बदलायच्या. शेडमध्ये मात्र कितीही रडलं तरी कुणी गप्प करत नव्हतं. उलट दोघी-चौघी पाठीवर हात ठेवून सोबत रडायच्या. म्हणून ती यायला लागली, आणि वर्षभरात तिनं बाप्तिस्मा घेतला. आमच्या येरळा नदीला पाणी नसतं, म्हणून आमचे बाप्तिस्मे एका द्राक्षवाल्याच्या शेततळ्यात व्हायचे. त्यात तिला बुडवून काढलं आणि दुसऱ्या दिवशी पास्टर तिच्या घरी देव्हारा मोकळा करायला गेले.

ही त्यांची पद्धत होती. नव्या कुटुंबाकडून देवांचे टाक मागून घ्यायचे. हौसाबाईनं सगळे टाक लाल फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिले. देव आणि वीर एकाच फडक्यात. आमच्या भागात वीर देवांपासून वेगळा करत नाहीत. आणि झिजलेले टाक मोडीतही घालत नाहीत, नदीत सोडतात. तिनं मनाशी हिशोब घातला तो असा : मला पाण्यात बुडवून नवं केलं, देवांनाही पाण्यातच पोचवणार. पास्टर तसं काही बोलले नव्हते. तिनंही विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काय होतं?

तेव्हापासून ती दर अमावस्येला एसटीनं कऱ्हाड रस्त्यावरच्या येरळेच्या पुलाजवळ उतरायची, काठावर अर्धी भाकरी ठेवून घटकाभर बसायची आणि परत यायची. मला म्हणायची, “पोराला भेटून आले, सिस्टर. आता त्यो पान्याबरूबर हिंडत आसंल. त्येला हिंडायची लय आवड.” नदीत वाळू आणि बाभळी. पण ती समाधानी होती. मीही समजून चालले होते की टाक तिथेच सोडलेत.

मग पहिल्या पिकाचा सण आला. ह्या सणाला आमचे लोक शेतातलं काहीबाही घेऊन येतात, कणसं, भोपळे, कोंबड्या, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. मोठी मजा असते. त्या दिवशी बाहेरून वरची मंडळी, म्हणजे संस्थेचे मोठे लोक, आली होती, मोबाइलवर चित्रण चाललं होतं. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरस वाटतात तेव्हा, पास्टरांनी मखमलीखालून चांदीचा प्याला काढला. मुठीत मावेल एवढाच, पण असा झळकत होता की शेडमध्ये कुजबुज झाली. पास्टरांचा आवाज भरून आला होता.

“किती घरांतनं ही चांदी आलीया! सैतानाच्या जहाजावरची लूट हाय ही. मी माज्या हातानं भट्टी लावली. तांबं जाळलं, मळ जाळला, आन ह्यो प्याला घडवून घेतला. आता ह्यातनं प्रभूचं रगत पिऊ या!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कवठे महांकाळकडच्या द्राक्षांचा रस प्याल्यात ओतला गेला. तेवढ्यात मधल्या रांगेतून हौसाबाई उठली. तिला आधी कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा ती शांतपणे चालत पुढे गेली.

“पास्टर, माजं टाक?”

“ह्यातच हायत, मावशे,” पास्टर आनंदानं म्हणाले.

“तुमी पान्यात न्हाई सोडलं?”

“पान्यात कशाला?”

“मग माजा अंकुश कुटं हाय?”

पास्टरांना अंकुश कोण ते आठवायला वेळ लागला. मग त्यांनी प्याला तिच्यापुढे धरला आणि त्यांना जे सगळ्यात मोठं सांत्वन वाटत होतं ते दिलं. “ह्यात हाय, मावशे. शुद्ध झाला.”

हौसाबाई प्याल्याकडे बघत राहिली. “एकदा जळताना मी बगितलाय त्येला,” ती म्हणाली. “तुमी परत जाळला?”

चित्रण करणाऱ्यानं मोबाइल खाली घेतला. पास्टर काहीतरी बोलायला गेले, मातीला माती, आत्मा देवाजवळ, असं काही. तिनं ते ऐकलं नाही. तिला वाद घालायचा नव्हता, तिला मुलगा पाहिजे होता.

“तुमी गलाईवालं,” ती म्हणाली. “सोनं येगळं काडता, तांबं येगळं काडता. सगळी दुनिया तुमच्याकडं येती त्येच्यासाटी. तवा माजा पोरगा येगळा काडून द्या मला. बाकीचं तुमी ठिवा.”

पास्टरांनी हातातल्या प्याल्यात वाकून बघितलं. हे त्यांच्या धंद्यातलं होतं. चांदीतून तांबं निघतं, शिसं निघतं. चांदीतून चांदी वेगळी करता येत नाही. ह्याच्या घरची कुठली आणि तिच्या घरची कुठली, हे कुठलं तेजाब सांगणार? वरच्या मंडळींपैकी एकानं प्रसंग सावरून गाणं सुरू केलं. लोक रांगेनं पुढे येऊन त्या प्याल्यातून प्याले. मी प्याले नाही. नंतर भोपळ्याचा लिलाव झाला.

हौसाबाईनं शेडमध्ये येणं बंद केलं नाही, हे मला जास्त भयंकर वाटलं. ती प्रभुभोजनाच्या रविवारी यायची. गाणं नाही, प्रार्थना नाही. तिची पाळी आली की प्याला दोन्ही हातांत घ्यायची आणि अंगठ्यानं त्याची कड पुसत राहायची. मागची रांग ताटकळायची. पास्टर समोर खाली मान घालून उभे. ओढून घेत नव्हते. पहिल्यांदा लोक हळहळले, मग चुळबुळले, मग तक्रारी सुरू झाल्या. “किती येळ?” माणसांची माया अशी रांगेत उभं राहिलं की संपते.

पास्टरांचं जहाज त्या काळात बुडायला लागलं. “चला” म्हणायचे आणि मूठ अर्धीच वर जायची. एका दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसले. पाणी मागितलं. प्यालेच नाहीत. म्हणाले, “सिस्टर, जहाजावर चढायचं तेवडं मला शिकवलं. खाली तळघरात कुनाकुनाचं काय काय ठिवल्यालं आसतं, ह्ये कुनी शिकवलं न्हाई.”

“शिकवायला कशाला पाहिजे? विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं,” मी म्हणाले. मी दयेनं बोलले नाही. मला त्यांचा राग होता आणि अजून आहे.

त्यानंतर काही दिवसांनी भर दुपारी त्यांच्या परसातून धूर निघाला. मी कुंपणावरून पाहिलं. पास्टरांनी जुनी भट्टी लावली होती. मुशीत तो प्याला होता. आधी कड वाकली, मग सगळाच बसला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, धगीनं की कशानं, मी विचारलं नाही. त्यातली थोडी चांदी घेऊन ते सोनाराकडे गेले आणि त्यांनी एक टाक ठोकून आणला. घोड्यावरचा वीर. उरलेली लगड त्यांनी नेऊन शेडचा कारभार बघणाऱ्या कमिटीच्या टेबलावर ठेवली.

ख्रिस्ती पास्टरनं मूर्ती घडवली, तीही प्रभूचा प्याला मोडून! जी मंडळी प्याला बघून टाळ्या पिटत होती, त्यांनीच त्यांना काढायचा ठराव केला. बाईच्या मुलाचं काय, हा प्रश्न कुणाच्या तोंडातून आला नाही. नामदेव एकटा, इतक्या वर्षांनी शेडच्या दारापर्यंत आला आणि म्हणाला, “त्यांचं सामान न्यायला ट्रॅक्टर आनू का?”

टाक घेऊन पास्टर हौसाबाईकडे गेले तेव्हा मी तिचं ब्लडप्रेशर बघायला तिथेच होते. त्यांनी फडकं उलगडून टाक तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उजेडाला धरला. घोडेस्वाराचं नाक, मिशी, फेटा, सगळं नवं, धारदार. तिनं चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. मी मनात म्हटलं, बाई, घे. खोटं तर खोटं, घेऊन टाक.

“ह्यो माजा न्हवं,” हौसाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “ह्येला मी कवा न्हाऊ घातल्यालं न्हाई. ह्यात आनी कुनाकुनाचं देव हायत, त्यास्नी मी कुटं ठिवू?” तिनं टाक परत फडक्यात बांधला, नीट गाठ मारली आणि पास्टरांच्या हातात दिला. “ह्येला पान्यात सोडा. पयल्यांदा सोडायचा हुता तसा. त्येवडं करा माजं.”

“करतो, मावशे,” पास्टर म्हणाले. त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला. आमच्यात असं करत नाहीत.

पुढे ते माणला गेल्याचं कळलं. शेडमध्ये नवा तरुण पास्टर आला. त्यानं पहिल्याच महिन्यात जहाजाला ताजा रंग दिला. हौसाबाई आता शेडमध्ये जात नाही आणि येरळेलाही जात नाही. माझ्या ओट्यावर येऊन बसते आणि मधूनच विचारते, “सोडला आसंल का वं त्येनं?”

गेल्या उन्हाळ्यात मी डोळे दाखवायला कऱ्हाडला निघाले होते. येरळेच्या पुलावर समोरून उसाच्या ट्रॉल्या आल्या म्हणून एसटी थांबली. सहज खिडकीतून खाली पाहिलं तर कोरड्या पात्रात पास्टर होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, गुडघ्यांवर बसलेले. आमच्याकडे नदी आटली की वाळू उकरून झिरा काढतात, खाली ओल असली तर वाटीभर पाणी वर येतं. पास्टर दोन्ही हातांनी वाळू उकरत होते. कोपरापर्यंत हात आत गेले होते. बाजूला दगडावर लाल फडकं होतं, गाठ तशीच.

मी हाक मारली. त्यांनी वर पाहिलं नाही. काठची वाळू परत परत आत घसरत होती आणि ते परत परत ती बाहेर काढत होते. ट्रॉल्या निघून गेल्या आणि आमची गाडी हलली.

संध्याकाळी परत आले तर हौसाबाई ओट्यावर होती. तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि एवढंच विचारलं, “लागलं का वं पानी?”

ते दिसायच्या आत गाडी पूल ओलांडून गेली होती.